किरणनंतर थेट मिग?

मंडळी, शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये राफेलवर जोरदार चर्चा झाली. वेग, रडार, मिसाईल, सगळं सगळ्यांना तोंडपाठ. मी विचारलं, "पण पोरं शिकतात कशावर?" सगळे गप्प. एकजण म्हणाला, "ट्रेनरचं काय रे एवढं!"

डोकं सटकलं, म्हणून हा लेख.

मी सातारचा. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली आमच्या गावात निघालं. तिथून एनडीएमार्गे हवाई दलात गेलेल्या किती पोरांनी जेट विमानाचे पहिले धडे 'किरण'वर गिरवले. इंजिनिअरिंग मी सांगलीच्या वालचंदला केलं. ज्या वालचंद हिराचंदांचं नाव त्या कॉलेजला आहे, त्यांनीच १९४० साली बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. चार वर्षं तिथे काढूनही मला हे कळलं ते नोकरी लागल्यावर! तिथेच डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी माणसाच्या हाताखालच्या टीमने किरण घडवलं. पहिलं उड्डाण सप्टेंबर १९६४, हवाई दलात १९६८ पासून. गुरू-शिष्य शेजारी-शेजारी बसतात, विमान सोशिक. चुका पोटात घालणारं.

पण पुढची पायरी? ती आपण बांधलीच नाही. प्रगत जेट ट्रेनर घ्या, असं १९८२ मध्ये समितीने सांगितलं. 'हॉक'चा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि ते रीतसर दाखल झालं फेब्रुवारी २००८ मध्ये. मधल्या काळात किती पोरं किरण किंवा पोलिश 'इस्क्रा'वरून उतरली आणि थेट मिग-२१ वर चढली. हे विमान धावपट्टीवर टेकतानाही ताशी ३०० किलोमीटरच्या वर असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंग गाळून थेट प्रॉडक्शन. फरक इतकाच, की आपल्याकडे बग आला तर रोलबॅक करता येतो.

"पैसे नव्हते," असं कुणी म्हणेल. अहो, पडलेलं मिग काय फुकट होतं? आणि आत बसलेला पोरगा?

बरं, शिकलो का आपण? २००९ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं एचपीटी-३२ जमिनीवर बसवलं, तो भारही म्हाताऱ्या किरणवर आला. त्यापायी २०११ मध्ये 'सूर्यकिरण'च्या कसरती थांबवून ती विमानं शिकवायला घेतली. किरणचा वारस 'सितारा' पहिल्यांदा उडाला २००३ मध्ये. २०२५ मध्ये त्याचं नाव बदलून 'यशस' केलं. म्हणजे बावीस वर्षांनी बारसं, तेही दुसऱ्यांदा!

मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं, तेव्हा आपण स्टेटस टाकले, डोळे पुसले. चांगलंच आहे. पण पुढच्या वेळी राफेलचे आकडे फेकताना ट्रेनरचंही विचारा. प्रश्न विचारणारे नसले की फायली निवांत झोपतात, आणि त्याची किंमत विशी-बाविशीतली पोरं मोजतात.

असो. पटत नसेल तर सोमवारी कँटीनमध्ये भेटा.