आधी मादी, मग शिंगं



नोव्हेंबरात विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा नऊ दिवसांचा सीझन सुरू झाला की आपल्या पॉटलकमध्ये प्रश्न ठरलेला: "हे लोक त्या गरीब हरणांना का मारतात हो?" (उन्हाळ्यात टोमॅटोचा फडशा पडल्यावर हीच मंडळी कुंपणाचे भाव विचारत फिरतात, ते सोडा.)

माझं मत विचाराल तर शिकार हवी, पण माद्यांची. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि खाणं मुबलक असलं की मादीला बहुधा जुळं होतं. शहरांभोवती लांडगेही उरलेले नाहीत. मग नुसते शिंगवाले नर मारून कळप कमी होणार कसा? म्हणूनच इथल्या डीएनआरने १९९६ मध्ये काही भागांत नियम केला: आधी बिनशिंगाचं एक हरीण मारा, मगच नर. तो नकोसा झाला खुद्द शिकाऱ्यांनाच! त्यांना भिंतीवर शिंगं हवीत ना. २०११ मध्ये विधिमंडळाने तो मोडीत काढला. इकडे २००२ मध्ये सापडलेला सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांचा मेंदू पोखरणारा असाध्य रोग, पसरतोच आहे.

खरी गोम पैशात आहे. वन्यजीवांवरचा बराचसा खर्च लायसन्स फी आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवर लागणाऱ्या करातून निघतो. मग शब्द कोणाचा चालणार? आपण नुसते हळहळतो. दर वसंतात इथे प्रत्येक काउंटीत जाहीर सुनावणी होते. तिथे मत द्यायला शिकारीचं लायसन्स लागत नाही.