‘पॉझिटिव्ह’ म्हणजे पिशवी काढा, असे नव्हे!

दरवर्षी दिंद्रुड परिसरातून उसतोड कामगार कारखान्यांकडे निघतात. कोयता हाती घेतलेली बाई आपले दुखणेही सोबत नेते. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात कळ येते. पण खाडा झाला तर मुकादमाची उचल फिटत नाही. मग कुठल्या तरी खासगी दवाखान्यात तिला ऐकवले जाते, “पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल!” २०१९ च्या शासकीय पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ उसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींच्या पिशव्या काढल्याचे उघड झाले. यातली प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु अज्ञानातून जन्मलेल्या भीतीवर कुणीतरी पोट भरते आहे, हे आम्ही ठामपणे म्हणतो.

या भीतीवर उतारा म्हणजे माहिती. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. गर्भाशयाच्या तोंडाशी हा विषाणू आहे की नाही, एवढेच एचपीव्ही चाचणी सांगते. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे विषाणू सापडला. कर्करोग झाला असे नव्हे. बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप जातो. धोकादायक प्रकार, विशेषतः १६ आणि १८ क्रमांकाचे, वर्षानुवर्षे टिकले तरच धोका वाढतो. कर्करोग व्हायला साधारणतः दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर दुर्बिणीतून तपासणी, गरज पडल्यास तुकडा तपासणे, आणि बिघडलेला भाग तेवढाच नष्ट करणे, हा मार्ग आहे. ‘निगेटिव्ह’ आल्यास पुढची काही वर्षे धोका फारच कमी. तरी पाच वर्षांनी पुन्हा तपासावे. मात्र अवेळी रक्तस्राव होत असेल तर निकाल काहीही असो, डॉक्टरांना दाखवावेच. आणि नवऱ्यांनो, हा विषाणू अंगात वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. त्या कागदावरून बायकोच्या चारित्र्याचा निवाडा करू नका!

ही चाचणी खरोखर जीव वाचवते का? याचा पुरावा आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याने जगाला दिला. १९९९ मध्ये टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तेथील खेड्यांत अभ्यास सुरू झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही चाचणी करण्यासाठी निवडलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाचे ३४ मृत्यू झाले. चाचणी न झालेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. त्या बायांना तपासणीविना का ठेवले, यावर पुढे वादही झाला. प्रश्न सरळ आहे. ज्यांच्या देहावर हे ज्ञान उभे राहिले, त्यांच्या लेकीसुनांच्या वाट्याला काय आले? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच चाचणी पहिल्या पसंतीची ठरवली. आपल्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचना मात्र व्हिनेगर लावून पाहण्याच्या पद्धतीवर आधारलेल्या आहेत.

आणखी एक गोष्ट वकील म्हणून सांगतो. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले की, तपासणीला दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही. तेव्हा भगिनींनो, न वाचता अंगठा देऊ नका. निकालाचा कागद मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि कार्यकर्त्यांनो, उसाचा हंगाम सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात एचपीव्ही चाचणीची मागणी लावून धरा. देह आमचा आहे, त्याचा निर्णयही आमचाच असला पाहिजे!