आडात आहे, मग पोहऱ्यात का नाही?

‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण मराठी माणसाच्या ओठांवर असते. देशाच्या खनिज तेलाविषयी बोलणाऱ्या विद्वानांनी तर तिला धोरणाचेच स्थान देऊन टाकले आहे. भारताच्या भूगर्भात तेल नाही, सबब ते विकत आणण्यावाचून गत्यंतर नाही, असे एकदा ठरवले की पुढे कोणाला काही करावे लागत नाही आणि कोणाला जाबही द्यावा लागत नाही. म्हणूनच या म्हणीची एकदा उलटतपासणी झाली पाहिजे. आडात जेवढे आहे, तेवढे तरी पोहऱ्यात येते काय?

आकडे बोलके आहेत. 2011-12 मध्ये देशाचे तेलउत्पादन सुमारे 3 कोटी 80 लाख टन होते. 2024-25 मध्ये ते 2 कोटी 90 लाख टनांच्याही खाली आले. 2023-24 या एका वर्षात सुमारे 23 कोटी टन कच्चे तेल परदेशातून आले आणि त्यापोटी सुमारे 133 अब्ज डॉलर देशाबाहेर गेले. आयातीवरील अवलंबित्व 2022 पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प 2015 मध्ये जाहीर झाला, तेव्हा ते 77 टक्क्यांच्या आसपास होते. 2024-25 मध्ये ते 88 टक्क्यांवर पोहोचले. सरकार कोणाचेही असो, आकड्यांना पक्ष नसतो. 1990 च्या आखाती संकटात तेलाचे भाव भडकले आणि 1991 मध्ये देशाला आपले सोने परदेशात तारण ठेवावे लागले, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या अवलंबित्वाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

तेलविहीर प्रारंभी आपल्याच दाबाने वाहते. पुढे साठ्यातील दाब ओसरतो, तेलासोबत येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते, नळीतील द्रवस्तंभ जड होतो आणि विहीर मूक होते. तेल संपलेले नसते. त्याला वर येण्याचे बळ उरलेले नसते. हे बळ बाहेरून पुरवणे म्हणजे कृत्रिम उपसा. शेतकऱ्याने मोटेने आणि रहाटाने जे केले, तेच येथे दीड-दोन हजार मीटर खोलीवरून करायचे असते. मेहसाण्याच्या शेतशिवारात अश्वमुखी दांडीचे पंप खालीवर हलताना दिसतात. अन्यत्र पाणबुडी मोटारीसारखे विद्युत पंप विहिरीत उतरवलेले असतात. मुंबई हायवर मुख्यतः गॅस लिफ्टची पद्धत आहे. दाबलेला वायू विहिरीत सोडून द्रवस्तंभ हलका करायचा, की साठ्याचा उरलासुरला दाब त्याला वर ढकलू शकतो.

खरी गोम येथेच आहे. झडप झिजली की वायू नको त्या उथळ ठिकाणी नळीत शिरतो. वायू कमी पडला तर विहीर अडखळते. गरजेपेक्षा अधिक सोडला तर नळीतील घर्षण वाढून उत्पादन उलट घटते. संपीडक यंत्र बंद पडले तर एकाच वेळी अनेक विहिरी थबकतात. दांडीच्या पंपात वाळू शिरते, मेण साचते, दांडी घासून तुटते. विद्युत पंप उष्णतेने, वायूने किंवा वीजपुरवठ्यातील चढउताराने जळतो. मग पंप बाहेर काढण्यासाठी रिग आणावी लागते, आणि ती दुसऱ्या विहिरीवर गुंतलेली असली तर ही विहीर तिची वाट पाहत पडून राहते.

हे दुखणे अनाकलनीय नाही आणि त्यावरील औषधही अज्ञात नाही. पंपाच्या दांडीवरील भाराचा आलेख, विहिरीतील द्रवपातळीची नियमित मोजणी, तळाशी बसवलेले दाब-तापमानाचे संवेदक, आणि बंद पडलेला प्रत्येक पंप उघडून तो का मेला याची नोंद: एवढे चिकाटीने केले तरी पंपांचे आयुष्य वाढते. पण चिकाटीला छायाचित्र नसते. नवा साठा सापडला की मंत्री समुद्रावर उतरतात, वृत्तपत्रे मथळे सजवतात. एखाद्या अभियंत्याने चार महिन्यांत जळणारा पंप दोन वर्षे चालवून दाखवला, तर त्याची बातमी कोण छापणार? खंडेनवमीला यंत्राला हळदकुंकू वाहणारा हा समाज आहे. परंतु यंत्राची खरी पूजा वर्षातून एकदा नारळ वाढवून होत नाही. ती वंगणाच्या डब्याने आणि नोंदवहीने रोज करावी लागते.

यावर एक युक्तिवाद हमखास होतो. विहीर बंद राहिली म्हणून बिघडले कोठे? तेल भूगर्भातच आहे, उद्या काढू. हा युक्तिवाद वरकरणी शहाणा, पण मुळात घातक आहे. आज न काढलेल्या तेलाच्या जागी आजच डॉलर मोजून परके तेल आणावे लागते. शिवाय मुंबई हायचे मंच आणि समुद्रतळाच्या नळवाहिन्या काही अमर नाहीत. 1974 मध्ये या क्षेत्राचा शोध लागला, 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि 1985 च्या सुमारास ते दिवसाला चार लाख पिंपांवर गेले. त्या काळातील लोखंड अर्धशतक खारे पाणी सोसत आहे. मंच मोडीत निघाल्यावर खाली उरलेले थोडेथोडके तेल काढण्यासाठी नवा मंच उभारणे कोणत्या हिशेबात परवडणार? ‘उद्या’ म्हणून सोडलेले तेल बहुधा कायमचेच सोडलेले असते.

दुसरा दोष खरेदीचा. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली की अधिकारी चौकशीतून सुटतो. पण स्वस्तात घेतलेला पंप वारंवार जळून रिगचा आणि बुडालेल्या उत्पादनाचा भुर्दंड राष्ट्राला भरावा लागतो. पंपाची किंमत त्याच्या पावतीवर मोजू नये. तो जितके दिवस अखंड चालला त्यावर मोजावी. पुरवठादाराला पैसा चालत्या दिवसांचा द्यावा, बंद दिवसांचा नव्हे.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई हायच्या उत्पादनवाढीसाठी ब्रिटनच्या बीपी या कंपनीची तांत्रिक सेवादार म्हणून निवड झाली. ज्ञान जेथून मिळेल तेथून घ्यावे, यात कमीपणा नाही. विहिरीत उतरणाऱ्या विद्युत पंपाचा जनक आर्मेस अरुतुनोफ हा तिफ्लिसमध्ये जन्मला. त्याच्या कल्पनेला ओक्लाहोमातील बार्टल्सव्हिल येथे आश्रय मिळाला आणि अमेरिकेने त्यातून एक उद्योग उभा केला. रशियानेही हे पंप स्वतः घडवण्याचे कारखाने उभारले. 2022 मध्ये हॅलिबर्टन आणि बेकर ह्यूजेस या कंपन्यांनी तेथून काढता पाय घेतला, तरी रशियाच्या विहिरी थांबल्या नाहीत. धडा स्पष्ट आहे. पाहुण्याकडून विद्या घ्यावी, पण घराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला लावू नयेत. दहा वर्षांच्या करारानंतर ती विद्या भारतीय अभियंत्यांच्या हाती उरली नाही, तर वाढलेले उत्पादनही उसनेच ठरेल.

हे आव्हान महाराष्ट्राने तर आपलेच मानले पाहिजे. मुंबई हायचे तेल उरणला उतरते. तेलउत्पादनाच्या तंत्रावर संशोधन करणारी ओएनजीसीची संस्था पनवेलला आहे. 1910 मध्ये कुंडलच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर घडू लागले, पुढे पंप घडू लागले. कोल्हापूरच्या ओतशाळांचा लौकिक देशभर आहे. ज्या भूमीने शेतकऱ्याच्या विहिरीला पंप दिला, तिला तेलाच्या विहिरीसाठी शंभर अंशांवरील उष्णतेत तग धरणारी मोटार, झडप आणि संवेदक घडवणे अशक्य आहे, असे कोण म्हणेल? गरज आहे ती पनवेलची प्रयोगशाळा, कोल्हापूरची ओतशाळा आणि अभियांत्रिकी महाविद्यालये एका सूत्रात बांधणाऱ्या इच्छाशक्तीची. आणि स्वदेशी पंपाला पहिल्या अपयशातच बाद न करता, उघडून, सुधारून पुन्हा विहिरीत उतरवणाऱ्या धैर्याची.

केवळ उपसा सुधारून 88 टक्क्यांची आयात नाहीशी होईल, असा भाबडा दावा कोणी करणार नाही. परंतु जे स्वतःचे आहे तेही वर काढण्याचा कंटाळा करणाऱ्या राष्ट्राला नव्या साठ्यांची स्वप्ने पाहण्याचा अधिकार किती? नवा आड खणावा, जरूर खणावा. तत्पूर्वी हातातल्या पोहऱ्याचे भोक बुजवावे. स्वावलंबनाची सुरुवात तेथून होते.