गव्हाच्या मुलखातील उपाशी मूल

महाकालाच्या उज्जयिनीत पाहुण्याचे स्वागत दाल-बाफल्याने होते. माळवा हा गव्हाचा मुलूख. शिंदेशाहीपासून तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही पोळीचा मान मोठा. परंतु ज्याच्या आतड्यास गव्हातील ग्लुटेन सोसत नाही, त्या बालकास ही पोळीच उपाशी ठेवते. सिलिअ‍ॅक नामक या विकारात खाल्लेले अंगी लागत नाही, वाढ खुंटते, रक्त घटते. आणि आईबाप भाबडेपणाने टॉनिके पाजीत राहतात.

आम्हां भातखाऊ किनारवासीयांस हे दुखणे दूरचे वाटेल. दक्षिणेत त्याचे प्रमाण अल्प आहे, हे खरे. मात्र दिल्ली परिसरातील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ते सुमारे शंभरांत एक आढळले. आणि आता आपल्या ताटातही पोळी रोजची झाली आहे.

यावर औषध स्वयंपाकघरातच आहे. गहू व जव जन्मभर वर्ज्य करून तांदूळ, ज्वारी, मका खाल्ल्यास बहुतेक मुले सावरतात. अडते ते निदानापाशी. बोटातील थेंबभर रक्तावरून काही मिनिटांत विकाराचा सुगावा देणाऱ्या पट्ट्या निघाल्या आहेत. त्या खात्रीच्या आणि स्वस्त होऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत पोहोचल्या पाहिजेत. अर्थात पट्टी म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. पुढील तपासणी आवश्यकच. तपासणीपूर्वीच गहू सोडल्यास रोग लपतो, हेही पालकांस सांगावयास हवे.

२०२८ च्या सिंहस्थासाठी क्षिप्रेचे घाट अवश्य सजवावेत; पण शासनाने त्याच नगरीतील बालकाच्या ताटाकडेही पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे.