नाव तेच, माणूस परका!

बिऱ्हाड हलवणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा हलवले त्याला सांगावे लागत नाही. टेम्पो ठरतो, कपाटे उतरतात, लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन कोणीतरी पुढे बसते, आणि दिवेलागणीपर्यंत सामान नव्या घरात पोचतेही. खरे हलवणे त्यानंतर सुरू होते. जुन्या आळीत दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत साऱ्यांना आपला चेहरा पुरे असे, नव्या जागी मात्र जो तो विचारतो, "आपण कोण?"

वाचकहो, संगणकांची बिऱ्हाडे हलवणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. "त्यात काय मेलं, यंत्र उचलायचं नि ठेवायचं!" असे आमच्या शेजारच्या काकू म्हणतात. पण काकूंना कसे सांगावे, की पुष्कळदा यंत्र जागचे तसूभरही हलत नाही. बदलते ते त्याचे घराणे!

आता हे पाहा. कचेरीच्या साऱ्या नोंदी ज्या यंत्रात राहतात, तो डेटाबेस सर्व्हर. कचेरीतली माणसे आणि यंत्रे ज्या एका मोठ्या रजिस्टराखाली नांदतात, ते डोमेन. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत या रजिस्टराला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणतात. २००० साली ते विंडोज २००० बरोबर आले. सकाळी आपण नाव आणि पासवर्ड सांगतो, रजिस्टर आपली ग्वाही देते, आणि त्या शब्दावर सर्व्हर दार उघडतो.

गंमत पुढेच आहे. नाव आपल्या सोयीसाठी. सर्व्हरच्या वहीत असतो तो एक लांबलचक क्रमांक. त्याला एसआयडी म्हणतात. त्याचा पुढचा भाग डोमेनचा आणि शेवटचे आकडे त्या माणसाचे. म्हणजे आडनाव आधी आणि नाव मागून, असे म्हणा ना! डोमेन बदलले की क्रमांक बदलला. पूर्वी मुलगी सासरी गेली की तिचे नाव बदले, पण माणूस तेच राही. इथे नेमके उलटे. नाव तेच, यंत्राच्या लेखी माणूस मात्र परका!

यंदा एक इस्पितळ एका मोठ्या संस्थेत विलीन झाले आणि त्याचा सर्व्हर नव्या डोमेनमध्ये नेण्याचे काम माझ्याकडे आले. शनिवारी रात्री दहाची वेळ ठरली. इस्पितळाला काही कुलूप लावता येत नाही. कोणत्या रुग्णाला कोणते औषध सोसत नाही, हे त्याच यंत्रात पाहावे लागते. औषधांच्या खिडकीवरच्या सिस्टरांनी मला एवढेच विचारले, "किती वेळ?"

"दोन तास."

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक रुग्णाचा कागद छापून घेतला आणि नीट टाचून ठेवला.

पहिले काम नोंदींची प्रत काढण्याचे, आणि ती दुसऱ्या यंत्रावर खरोखर उघडते हे पाहण्याचे. दुसरे, जुन्या घराण्यावर अवलंबून नसलेली एक किल्ली जवळ ठेवण्याचे. सर्व्हरच्या स्वतःच्या वहीत सर्वाधिकार असलेले एक खाते असते. त्याचा पासवर्ड निघण्यापूर्वीच लावून पाहावा. नाहीतर जुने ओळखेना आणि नवे उघडेना, अशी त्रिशंकूची गत! तिसरे काम, कोणाला काय पाहण्याची मुभा आहे, याची यादी करण्याचे. सर्व्हरचा प्रोग्रॅमसुद्धा कोणाच्या तरी खात्यावर चालतो. ते खाते जुन्या डोमेनचे राहिले, तर स्वारी उठतच नाही.

डोमेन बदलले. मग नव्या क्रमांकांची लॉगिन तयार केली आणि डेटाबेसातल्या एकेका वापरकर्त्याची त्याच्या नव्या लॉगिनशी गाठ मारली. मुभा जिथल्या तिथे राहते. गाठ तेवढी नवी. पावणेबाराला सिस्टरांच्या पडद्यावर रुग्णांची यादी उमटली. त्यांनी ती छापील कागदांशी ताडून पाहिली आणि मगच मान डोलावली.

तिथले हेडक्लार्क निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, "अहो साहेब, माणसांची दारं उघडली. पण रात्री दोनला जो येतो, त्याचं काय?"

माझ्या यादीतली शेवटची ओळ नेमकी तीच होती. रोज रात्री दोन वाजता सर्व्हर आपसूक सगळ्या नोंदींची प्रत काढी. ते काम जुन्या डोमेनमधल्या एका खात्याच्या मालकीचे होते. मालकाची ओळख पटली नाही, की ते काम चालत नाही. सिस्टरांचे दार बंद राहिले असते, तर त्यांनी इस्पितळ डोक्यावर घेतले असते. हे काम मात्र बोभाटा न करता थांबते, आणि कळते ते यंत्र बिघडून जुनी प्रत शोधावी लागते त्या दिवशी! मालकी सर्व्हरच्या स्वतःच्या खात्याकडे दिली, प्रत जिथे ठेवायची तिथली परवानगी नव्याने मिळवली, आणि आम्ही दोघे चहा घेत दोनपर्यंत बसलो. प्रत निघाली. हेडक्लार्कांनी वहीत वेळ टिपली.

हे पुराण घरच्या मंडळींना कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपले बँकेचे खाते, गॅसची नोंदणी, आजोबांचे पेन्शन ही सारी हल्ली एका मोबाइल क्रमांकाला बांधलेली असतात. डोमेनमधला क्रमांक एकदा सुटला की पुन्हा कोणाला मिळत नाही. मोबाइलचे तसे नाही. बंद केलेला क्रमांक ९० दिवस उलटल्यावर दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकतो, आणि आपल्या बँकेचा निरोप त्या परक्याच्या खिशात वाजतो!

तेव्हा, फराळ आटोपल्यावर एक वही घ्या. कोणता क्रमांक कुठे कुठे दिला आहे ते घरातल्या सर्वांनी मिळून लिहा. जो व्यवहार वर्षातून एकदाच होतो, तो आधी आठवा. रोजचे आपोआप आठवतील. क्रमांक बदलायचा झाला, तर आधी यादीतली प्रत्येक गाठ नव्याला बांधा; मग जुना सोडा.

दीपावलीच्या शुभेच्छा!