हेज फंडांच्या मागे धावताना

फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या चार महिन्यांच्या मध्यास अमेरिकी भांडवली बाजारात एक ठरलेला सोहळा पार पडतो. कोट्यवधी डॉलरचा कारभार पाहणाऱ्या गुंतवणूक संस्थांनी आपल्याकडील समभागांची यादी त्या देशाच्या रोखे नियामकाकडे, म्हणजे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनकडे सादर करण्याची मुदत तेव्हा संपते. यादी खुली होताच मथळे झळकू लागतात. अमुक कंपनीत इतक्या हेज फंडांनी नव्याने प्रवेश केला, तमुक कंपनीतून इतके बाहेर पडले, अमक्या धनाढ्याने आपला हिस्सा दुपटीने वाढविला, अशा बातम्यांचा पूर येतो. या बातम्यांमागील न बोललेला संदेश एकच असतो : जाणकारांनी जे घेतले, ते तुम्हीही घ्या.

हा संदेश आता केवळ अमेरिकी गुंतवणूकदारांपुरता राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार निवासी भारतीयास दरवर्षी अडीच लाख डॉलरपर्यंतची रक्कम परदेशी पाठविता येते आणि मुंबई-पुण्यातील नोकरदारालाही घरबसल्या अमेरिकी शेअर घेण्याची सोय उपलब्ध आहे. त्यामुळे हेज फंडांच्या मालकीचा हा चढउतार नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

या यादीमागील कायदा जुना आहे. १९३४ च्या रोखे विनिमय कायद्यात १९७५ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आणि कलम १३-एफ अस्तित्वात आले. मोठ्या संस्थांच्या हाती बाजाराच्या किती नाड्या आहेत, हे जनतेला कळावे, हा त्यामागील हेतू होता. त्यानुसार किमान १० कोटी डॉलरच्या विहित रोख्यांवर ज्यांचे नियंत्रण आहे, अशा व्यवस्थापकांनी तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत आपल्या धारणेचा तपशील द्यावा लागतो. एरवी गुप्ततेच्या पडद्याआड वावरणाऱ्या हेज फंडांच्या कारभारात डोकावण्याची सर्वसामान्यांना मिळालेली ही जवळजवळ एकमेव खिडकी आहे. मात्र ती अरुंद आहे आणि तिची काचही धुरकट आहे.

पहिली मर्यादा काळाची. तिमाहीच्या पहिल्या दिवशी केलेली खरेदी जगाला कळेपर्यंत सुमारे साडेचार महिने उलटलेले असू शकतात. काही हेज फंडांची उलाढाल इतकी वेगवान असते की, यादी वाचणाऱ्याच्या हाती पडते तेव्हा त्यातील निम्मे शेअर विकूनही झालेले असतात. यादी पाहून केलेली खरेदी म्हणजे पुष्कळदा वरातीमागून घोडे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. या विवरणपत्रात केवळ खरेदीची बाजू दिसते. मंदीचे सौदे, म्हणजे हाती नसलेले शेअर उसने घेऊन केलेली विक्री, दिसत नाही. हेज फंडांचे वैशिष्ट्यच मुळी दोन्ही बाजूंनी सौदे करण्यात आहे. एखाद्या फंडाने एका मोटार कंपनीचे शेअर घेतले असतील, तर तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीत त्याने तेवढाच मंदीचा सौदाही केलेला असू शकतो. अशा वेळी त्याची खरेदी ही त्या कंपनीवरील विश्वासाची पावती नसून दुहेरी डावाचा एक हात असतो. यादीत मात्र तेवढा एकच हात दिसतो.

ऑप्शनच्या सौद्यांमुळे तर गोंधळात भरच पडते. २००८ च्या गृहकर्ज संकटाचे भाकीत केल्याबद्दल ख्यातनाम झालेले मायकेल बरी यांच्या फंडाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सादर केलेल्या विवरणपत्रात पॅलंटियर या कंपनीवरील पुट ऑप्शन होते. त्यांचे मूल्य सुमारे ९१ कोटी २० लाख डॉलर दिसत होते. बरी यांनी जवळपास अब्ज डॉलर पणाला लावले, अशा बातम्या लगोलग पसरल्या. वस्तुतः या विवरणपत्रात ऑप्शनसाठी मोजलेली रक्कम नव्हे, तर त्या ऑप्शनखाली येणाऱ्या शेअरचे मूल्य नोंदवावे लागते. आपण प्रत्यक्षात सुमारे ९२ लाख डॉलरच खर्च केले होते, असा खुलासा बरी यांनीच नंतर केला. म्हणजे मथळ्यातील आकडा प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपास शंभरपट होता.

काही मालकी तर या खिडकीतून मुळीच दिसत नाही. बिल ह्वांग यांच्या आर्केगोस या संस्थेने २०२१ च्या आरंभी व्हायाकॉमसीबीएससह मोजक्या कंपन्यांत अवाढव्य सौदे केले होते. तथापि, ते 'स्वॅप' पद्धतीच्या करारांद्वारे केलेले असल्याने शेअर बँकांच्या नावे राहिले आणि आर्केगोसचे नाव कोणत्याही यादीत आले नाही. एकाच व्यक्तीचे सौदे आपण सारेच सांभाळत आहोत, याचा पुरता अंदाज बँकांनाही आला नाही. मार्च २०२१ मध्ये व्हायाकॉमसीबीएसचा भाव एका आठवड्यात शंभर डॉलरवरून पन्नासच्या खाली आला आणि या प्रकरणात एकट्या क्रेडिट स्विस बँकेला सुमारे साडेपाच अब्ज डॉलरचा फटका बसला.

या तांत्रिक उणिवा जाणकारांना ठाऊक असतात. खरा धोका त्यापलीकडचा आहे. 'या शेअरमध्ये हेज फंडांची संख्या वाढते आहे' हे वाक्य नेहमी शुभवर्तमान म्हणून वाचले जाते. परंतु एका मर्यादेनंतर तीच वाढ धोक्याची घंटा ठरते. व्हॅलियंट फार्मास्युटिकल्स या औषध कंपनीचा इतिहास या दृष्टीने मुळातून पाहण्याजोगा आहे.

मॅकिन्झी या सल्लागार संस्थेतून आलेल्या मायकेल पिअर्सन यांनी २००८ मध्ये व्हॅलियंटची सूत्रे घेतली. संशोधनावर पैसा खर्च करण्याऐवजी इतर औषध कंपन्या विकत घ्याव्यात, त्यांचे खर्च छाटावेत आणि औषधांच्या किमती वाढवाव्यात, असे त्यांचे सरळ गणित होते. २०१० मध्ये कॅनडाच्या बायोव्हेल कंपनीशी विलीनीकरण करून करांचा बोजा हलका करण्यात आला. २०१३ मध्ये बॉश अँड लॉम्ब ही नेत्रोपचार क्षेत्रातील नामांकित कंपनी ८.७ अब्ज डॉलरना घेण्यात आली. फेब्रुवारी २०१५ मध्ये नायट्रोप्रेस आणि आयसुप्रेल ही हृदयरोग्यांसाठी वापरली जाणारी दोन औषधे खरेदी करताच त्यांच्या किमती अनुक्रमे २१२ आणि ५२५ टक्क्यांनी वाढविण्यात आल्या. कर्जाचा डोंगर ३० अब्ज डॉलरच्या घरात गेला. पण भाव चढत होता, तोवर त्याची तमा कोणाला नव्हती.

वॉल स्ट्रीटवरील नामवंत फंड या कंपनीवर लट्टू झाले. बिल ॲकमन यांच्या पर्शिंग स्क्वेअरने मार्च २०१५ मध्ये आपला पाच टक्क्यांहून अधिक हिस्सा जाहीर केला. व्हॅल्यूॲक्ट तर कित्येक वर्षे भागधारक होता आणि त्यांच्यामागोमाग इतरही अनेक फंड आले. केवळ हेज फंडच नव्हे, तर सिकोया या प्रतिष्ठित म्युच्युअल फंडाची एक वेळ तीस टक्क्यांहून अधिक पुंजी याच एका शेअरमध्ये होती. वॉरन बफे यांनी १९७० च्या सुमारास आपली भागीदारी गुंडाळताना आपल्या गुंतवणूकदारांना ज्या फंडाची वाट दाखविली, तोच हा फंड. त्यात हजारो सामान्य कुटुंबांची निवृत्तीची पुंजी होती. ऑगस्ट २०१५ मध्ये व्हॅलियंटचा भाव २६० डॉलरच्या वर गेला आणि बाजारमूल्याच्या बाबतीत ती काही काळ कॅनडातील सर्वांत मोठी कंपनी ठरली. बफे यांचे सहकारी चार्ली मंगर यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये या कंपनीच्या कार्यपद्धतीवर जाहीर कोरडे ओढले होते. मात्र एवढे जाणकार आत असताना त्या एका आवाजाकडे कोण लक्ष देणार?

पुढील घटनाक्रम झपाट्याचा आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये फिलिडोर या औषधविक्री संस्थेशी व्हॅलियंटचे असलेले अपारदर्शक संबंध चव्हाट्यावर आले. महिनाअखेरीस कंपनीला ते तोडावे लागले. नोव्हेंबरच्या मध्यास सप्टेंबरअखेरची विवरणपत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांत बडे फंड दिमाखाने विराजमान होते. परंतु तोवर भाव सप्टेंबरअखेरच्या पातळीच्या निम्म्याहूनही खाली उतरला होता. १५ मार्च २०१६ रोजी कंपनीने उत्पन्नाचा अंदाज घटविताच एका दिवसात शेअर पन्नास टक्क्यांहून अधिक कोसळला. सिकोया फंडाचे प्रमुख रॉबर्ट गोल्डफार्ब त्याच महिन्यात निवृत्त झाले. मार्च २०१७ मध्ये ॲकमन यांनी सुमारे ११ डॉलरच्या भावाने आपला संपूर्ण हिस्सा विकला; त्यांच्या गुंतवणूकदारांचे नुकसान चार अब्ज डॉलरच्या आसपास होते. कंपनीने २०१८ मध्ये बॉश हेल्थ असे नाव धारण केले.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हे फंड अज्ञ नव्हते. त्यांच्याकडे विश्लेषकांची फौज होती, व्यवस्थापनापर्यंत थेट पोहोच होती. तरीही प्रत्येकाचा विश्वास काही अंशी दुसऱ्याच्या विश्वासावर उभा होता. गतानुगतिकतेचा हा दोष सामान्यांइतकाच तज्ज्ञांनाही जडतो. शिवाय गर्दीचे स्वतःचे असे एक यंत्र असते. हेज फंड बहुधा उसन्या पैशावर सौदे करतात. भाव घसरला की कर्ज देणारे अधिक तारण मागतात, गुंतवणूकदार पैसे परत मागतात आणि फंडाला विक्री करणे भाग पडते. त्या विक्रीने भाव आणखी घसरतो आणि दुसऱ्या फंडावर तीच पाळी येते. सभागृह भरलेले असताना दरवाजा मात्र एकच असावा, तशी ही अवस्था असते. ज्यांना आत येताना रांगेत उभे राहावे लागले नाही, त्यांना बाहेर पडताना चेंगराचेंगरीला तोंड द्यावे लागते. या चेंगराचेंगरीत सर्वांत मागे उभा असतो तो वर्तमानपत्रातील मथळा वाचून आत शिरलेला छोटा गुंतवणूकदार.

मग या याद्या निरुपयोगी समजाव्यात काय? तसेही नव्हे. त्या वाचण्याची रीत बदलावी लागेल. किती फंड आले, यापेक्षा कोण आले आणि आपल्या एकूण पुंजीचा किती भाग घेऊन आले, हे महत्त्वाचे. शेकडो कंपन्यांत विखुरलेल्या फंडाने एका शेअरमध्ये अर्धा टक्का घातला, तर त्यास फारसा अर्थ नाही. दहा-बारा कंपन्यांतच वर्षानुवर्षे राहणाऱ्याने एकदशांश पुंजी घातली, तर त्यामागे अभ्यास असण्याची शक्यता अधिक. फंडांचा एकत्रित हिस्सा आणि त्या शेअरची रोजची उलाढाल यांचे प्रमाणही पाहावे, कारण दरवाजा किती रुंद आहे, हे त्यावरून समजते. यादीतील सारेच धारक मताने खरेदी करणारे नसतात. काही संस्था केवळ खरेदी-विक्रीचे भाव पुरविण्याच्या व्यवसायाचा भाग म्हणून शेअर बाळगतात.

या याद्यांहून अधिक बोलके असते ते १३-डी हे विवरणपत्र. एखाद्याने कंपनीचा पाच टक्क्यांहून अधिक हिस्सा घेतला आणि तिच्या कारभारात हस्तक्षेपाचा मानस असला, तर ते दाखल करावे लागते. त्याची मुदत पूर्वी दहा दिवसांची होती. २०२४ पासून ती पाच कामकाजी दिवसांवर आली आहे. त्यात खरेदीचा हेतूही नमूद करावा लागत असल्याने वाचणाऱ्यास आकड्यापलीकडचे काही हाती लागते. अर्थात, ॲकमन यांच्यासारखा आक्रमक भागधारकही चुकू शकतो, हे व्हॅलियंटने दाखवून दिले आहेच.

ही खिडकी बंद करण्याचे प्रयत्नही झाले आहेत, हे विसरता कामा नये. १० कोटी डॉलरची मर्यादा थेट ३५० कोटींवर नेण्याचा प्रस्ताव नियामकाने जुलै २०२० मध्ये मांडला होता. तो संमत झाला असता तर बहुसंख्य हेज फंड यादीतून अदृश्य झाले असते. विरोधाचा भडिमार झाल्याने तो बारगळला. मंदीच्या सौद्यांची एकत्रित माहिती प्रसिद्ध करण्याचा नियम ऑक्टोबर २०२३ मध्ये संमत झाला खरा, मात्र त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली. माहिती द्यावी लागू नये, असे वाटणारे हितसंबंध नेहमीच प्रबळ असतात.

या तुलनेत आपल्याकडील व्यवस्था काही बाबतींत उजवी आहे. नोंदणीकृत भारतीय कंपनीला तिमाही संपल्यावर २१ दिवसांत भागधारणेचा तपशील द्यावा लागतो आणि एक टक्का वा त्याहून अधिक हिस्सा असलेल्या भागधारकांची नावे त्यात येतात. म्युच्युअल फंड दरमहा आपली यादी जाहीर करतात. मात्र परदेशी फंडाच्या नावामागे खरा मालक कोण, हा प्रश्न येथेही कळीचा ठरला. एकाच उद्योगसमूहात निम्म्याहून अधिक गुंतवणूक असणाऱ्या परदेशी फंडांनी आपल्या अंतिम लाभधारकांची माहिती द्यावी, असा आदेश सेबीने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला, तो याच कारणाने. आपल्या दलाल स्ट्रीटवरही नामवंत गुंतवणूकदाराचे नाव यादीत दिसताच दुसऱ्या दिवशी शेअर उसळल्याची उदाहरणे कमी नाहीत.

मालकीची माहिती हा गुंतवणूकदाराचा हक्क आहे आणि तो अधिक विस्तृत व्हायला हवा, यात दुमत नाही. मात्र ती माहिती प्रश्न विचारण्यासाठी असते, उत्तर म्हणून नव्हे. कंपनी काय विकते, कोणत्या भावाने विकते, कर्ज किती आहे आणि नफा रोखीत येतो की केवळ ताळेबंदात दिसतो, हे व्हॅलियंटच्या भागधारकांनी स्वतः विचारले असते, तर आत कोण बसले आहे, याची मोजदाद करण्याची त्यांना गरज पडली नसती.