शेजारधर्म आणि शेजाऱ्याचा धर्म

शेजारधर्म पाळण्यात आपण मराठी माणसे सहसा कमी पडत नाही. ईदेला शेजारच्या घरून शीरखुर्म्याचा वाडगा आला, तर तो आपण आनंदाने घेतो आणि दिवाळीला फराळाचे ताट परत पाठवतो. पण शेजाऱ्याचा धर्म काय सांगतो, हे मात्र आपल्याला फारसे ठाऊक नसते. वर्षानुवर्षे एका बाकावर बसणाऱ्या मित्राला ‘रोजा म्हणजे तू नेमके काय करतोस?’ असे विचारायचा आपल्याला संकोच वाटतो. आणि ज्याने मुसलमानाच्या घरचा उंबरा कधी ओलांडला नाही, अशा माणसाचे इस्लामविषयीचे बोलणे मात्र आपण चटकन खरे मानतो. सुशिक्षितांनाही हे लागू पडते, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, आणि ते विचारलेही पाहिजेत. फक्त विचारताना एक विवेक बाळगावा, असे मला सुचवायचे आहे. श्रद्धा, आचार आणि कायदा या तीन गोष्टी निराळ्या आहेत. त्यांची आपण सरमिसळ करतो आणि मग कुठल्याच प्रश्नाचे उत्तर नीट मिळत नाही.

प्रथम श्रद्धेचे प्रश्न घेऊ. ‘अल्ला हा मुसलमानांचा देव आणि महंमद हा त्याचा अवतार’ असे पुष्कळांना वाटते. हे बरोबर नाही. अल्ला हा ईश्वरवाचक अरबी शब्द आहे; अरबी बोलणारे ख्रिस्तीही देवाला अल्लाच म्हणतात. इस्लामचा सारा भर ईश्वराच्या एकत्वावर आहे आणि तेथे अवताराची कल्पनाच नाही. महंमद हे पैगंबर, म्हणजे ईश्वराचा संदेश माणसांपर्यंत पोहोचवणारे. त्यांचा जन्म इ. स. ५७० च्या सुमारास मक्केत झाला आणि ६३२ साली ते मदिनेत वारले. मुसलमान त्यांच्याविषयी अपार आदर बाळगतात, पण त्यांची पूजा करीत नाहीत. म्हणूनच ‘महंमदी धर्म’ हा जुन्या पुस्तकांतला शब्द त्यांना रुचत नाही. इब्राहिम, मूसा आणि ईसा, म्हणजे येशू, यांनाही ते पैगंबर मानतात.

दुसरा गैरसमज अजानचा. त्या बांगेत अकबर बादशहाचे नाव घेतले जाते, असे सांगणारे लोक आजही भेटतात! ‘अकबर’ या अरबी शब्दाचा अर्थ ‘सर्वांहून मोठा’ असा आहे आणि तो ईश्वराला उद्देशून आहे. बादशहा अकबर १५५६ साली गादीवर आला. अजान त्याच्या आधी सुमारे नऊशे वर्षांपासून दिली जात होती. पहिली अजान देण्याचा मान बिलाल या गुलामगिरीतून मुक्त झालेल्या हबशी माणसाकडे जातो, ही गोष्ट मुसलमान घरांत अभिमानाने सांगतात. तसेच काब्याचे. नमाज काब्याच्या दिशेने तोंड करून पढतात, म्हणून भारतात ती पश्चिमेकडे. पण ती दिशा आहे, दैवत नव्हे. पैगंबरांच्या काळात आरंभी हीच दिशा जेरुसलेमची होती.

आता आचार. एकेश्वराची व पैगंबराची ग्वाही, पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असल्यास आयुष्यात एकदा हज, हे पाच मुख्य आधार. रोजात पहाट फुटल्यापासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर स्त्री यांना सवलत आहे. जकात म्हणजे मर्जीनुसार टाकलेली भीक नव्हे. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, गरजूंना देणे बंधनकारक आहे.

‘रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत, असे का?’ हा प्रश्न पंचांग पाहणाऱ्या घरातला मुलगा हमखास विचारतो. आपले महिनेही चांद्रच. बारा चांद्र महिन्यांचे मिळून ३५४ दिवस होतात आणि सौर वर्षाशी ११ दिवसांचे अंतर पडते. आपण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून ते भरून काढतो. म्हणून दिवाळी शरदातच राहते. इस्लामी कालगणनेत अधिक मास नाही. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो.

मग ‘इंदुरात बोहऱ्यांची ईद आधी आणि बाकीच्यांची नंतर, हे काय?’ याचे उत्तरही कालगणनेतच आहे. दाऊदी बोहरा हा शियांच्या इस्माइली शाखेतला पंथ. त्यांचे पंचांग गणिताने आधीच ठरलेले असते, तर इतर बहुतेक मुसलमान प्रत्यक्ष चंद्रदर्शनावर महिना ठरवतात. त्यामुळे एक-दोन दिवसांचा फरक पडतो. सियागंजातला बोहरा व्यापारी आणि सदर बाजाराच्या ईदगाहावर नमाज पढणारा सुन्नी कारागीर यांचा धर्म एक; पण रीतभात, पोशाख, धर्मगुरूंविषयीची भावना यांत अंतर आहे. ‘सगळे मुसलमान सारखेच’ हे वाक्य इंदुरात तरी एका ईदेतच खोटे ठरते.

ताजियाविषयीही असेच. हिजरी सन ६१ च्या मोहरमची दहावी तारीख, म्हणजे इ. स. ६८०. त्या दिवशी पैगंबरांचे नातू हुसेन करबल्याच्या मैदानात मारले गेले. त्या शोकाची आठवण म्हणजे मोहरम. ताजिया काढावा की नाही, याविषयी खुद्द मुसलमानांत मतभेद आहेत. अनेक उलेमांना तो मान्य नाही. पण इंदुरात होळकरांच्या काळापासून राजवाड्याजवळच्या इमामबाड्यातून ‘सरकारी ताजिया’ निघत आला आहे. हिंदू राजाने तो आपला मानला, आणि राज्य गेल्यावरही नाव तसेच राहिले. या अंकाच्या कन्नड विभागाच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. उत्तर कर्नाटकातल्या कितीतरी गावांत मोहरमच्या पंजांपुढे हिंदू घरचे लोक नवस बोलतात. आणि गोविंद भट्टांचे शिष्य शिशुनाळ शरीफ (१८१९–१८८९) यांची पदे तेथे दोन्ही समाजांच्या तोंडी आहेत. आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीतच रचला. धर्म आणि परिसर यांच्या मिळणीतून आचार घडतो, तो असा.

तिसरा, आणि सर्वांत वादाचा, प्रश्न कायद्याचा. ‘मुसलमान चार बायका करतात ना?’ कुराणात चारपर्यंत अनुमती आहे खरी. पण सर्वांशी समान न्यायाने वागण्याची अट आहे, आणि ते जमणार नसेल तर एकच करावी असे सांगितले आहे. प्रत्यक्षात काय घडते? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या पतीला आणखी पत्नी आहे असे सांगणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण मुसलमानांत शेकडा १.९ आणि हिंदूंत १.३ होते. म्हणजे ऐकीव गोष्ट आणि वस्तुस्थिती यांत केवढे अंतर! मात्र प्रमाण अल्प आहे म्हणून त्या स्त्रियांचे दुःख अल्प ठरत नाही, हेही तितकेच खरे.

आणि येथे इंदूरकरांना एक नाव विसरता येणार नाही: शाहबानो. १९३२ साली विवाह झालेल्या, पाच मुलांची आई असलेल्या या बाईंना वकील पतीने १९७५ साली घराबाहेर काढले. १९७८ च्या एप्रिलमध्ये त्यांनी इंदूरच्या न्यायालयात महिना ५०० रुपये पोटगी मागितली; त्याच वर्षी नोव्हेंबरात पतीने तलाक दिला. खालच्या न्यायालयाने १९७९ मध्ये महिना २५ रुपये ठरवले. उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ते १७९ रुपये २० पैसे केले. पती सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी २३ एप्रिल १९८५ रोजी त्याचे अपील फेटाळले आणि पोटगीला कुराणातही आधार आहे, असे म्हटले. त्यावर देशभर वादळ उठले, १९८६ साली नवा कायदा झाला. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावताना इद्दतीच्या मुदतीतच स्त्रीच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद करणे पतीवर बंधनकारक ठरवले. २०१७ मध्ये एका दमात दिलेला तिहेरी तलाक अवैध ठरवला. आणि २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, असा निर्वाळा दिला.

या वादात एका बाजूने इस्लामवरच खटला भरला गेला, दुसऱ्या बाजूने ‘धर्म संकटात’ अशी हाक दिली गेली. साठी ओलांडलेल्या बाईंचा मूळ प्रश्न मात्र साधा होता: मी खाऊ काय? श्रद्धा आणि कायदा यांची गल्लत केली की भाकरीचा प्रश्न असा बाजूला पडतो. आणि हा प्रश्न बाहेरच्याने विचारलेला नव्हता, तो मुस्लिम स्त्रीनेच विचारला होता. त्याच्याही आधी, १८ एप्रिल १९६६ रोजी, हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. तिहेरी तलाकविषयी शिया आणि अहले-हदीस यांचे मत हनफी पंडितांहून निराळे आहे. तेव्हा ‘इस्लाम असे सांगतो’ असे कुणी ठासून म्हटले, तर ‘कोणाचे मत?’ असे विचारायला हरकत नसावी.

आपल्या भाषेत साधनांची वाण नाही. साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ लिहिले. विनोबांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि त्याचे सार काढले. दोघेही आपल्या धर्मात पक्के होते; दुसऱ्याचा धर्म समजून घेतल्याने त्यांचे काही उणे झाले नाही.

शेवटी दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना एकेक विनंती. मुस्लिम मित्रांनी प्रत्येक प्रश्नाला आरोप समजू नये; ‘ठाऊक नाही, घरी विचारून सांगतो’ हेही प्रामाणिक उत्तर आहे. आणि विचारणाऱ्यांनी जगात कुठेही घडलेल्या गोष्टीचा जाब बाकावरच्या मित्राकडे मागू नये. आपल्या जातिभेदाविषयी, हुंड्याविषयी त्याने उलट विचारले, तर तितक्याच शांतपणे उत्तर देण्याची आपली तयारी हवी. ती असेल, तर आपला प्रश्न खरोखर जाणून घेण्यासाठी आहे असे तो समजेल, आणि मनापासून उत्तर देईल.